एकसारखेपणाचे वचन आणि असमान कोअर

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, म्हणजे आजच्या भाषेत हायपरव्हायजरकडून, नेमके काय मागायचे ते त्यांनी गणिती काटेकोरपणाने मांडले. मागण्या तीन होत्या. आत चालणारा प्रोग्राम खऱ्या यंत्रावर जसा वागला असता तसाच आभासी यंत्रावरही वागावा. त्याच्या बहुतेक सूचना मध्ये कोणी न पडता थेट प्रोसेसरवर चालाव्यात. आणि यंत्राच्या साधनसामग्रीचा ताबा सर्वस्वी नियंत्रकाच्या हाती राहावा. पहिल्या मागणीला मात्र त्यांनी दोन अपवाद जोडले: साधने कमी-जास्त मिळाल्यामुळे पडणारा फरक आणि वेळेमुळे पडणारा फरक. उत्तर तेच यायला हवे, ते किती वेळात यावे याची हमी मात्र नाही.

हे पुस्तक त्या दुसऱ्या अपवादाबद्दल आहे. वेळेला वचनातून वगळणे इतकी वर्षे फारसे कोणाला खटकले नाही, कारण एका यंत्रातले प्रोसेसर सहसा एकाच घडणीचे असत. आभासी प्रोसेसर आज या कोअरवर चालला आणि पुढच्या क्षणी त्या कोअरवर, तरी वेग सारखाच. हायपरव्हायजरने फक्त वाटणी न्याय्य ठेवायची. दहा मिलिसेकंद म्हणजे कोठेही दहा मिलिसेकंद, हे गृहीतक इतके खोलवर रुजले होते की ते गृहीतक आहे याचाही विसर पडला. आता तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आणि टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये ते खोटे ठरलेले आहे.

या बदलाचा पाया डिसेंबर २००३ मध्ये राकेश कुमार, कीथ फार्कास, नॉर्मन जूपी, पार्थसारथी रंगनाथन आणि डीन टल्सन यांनी मांडला. सूचनासंच एकच, पण कोअर लहान-मोठे, अशी चिप केली आणि काम पाहून योग्य कोअर निवडला, तर वीज पुष्कळ वाचते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑक्टोबर २०११ मध्ये आर्म कंपनीने मोठा कॉर्टेक्स-ए१५ आणि छोटा कॉर्टेक्स-ए७ यांची जोडी 'बिग-लिटल' या नावाने जाहीर केली. फोनची बॅटरी हे कारण पुरेसे होते. लॅपटॉपकडे हा विचार सावकाश आला. २०२० मध्ये इंटेलने लेकफिल्ड आणले, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ॲपलचा एम१ आला, आणि २०२१ च्या अखेरीस इंटेलची अल्डर लेक ही बाराव्या पिढीची चिप बाजारात आली. तिच्यातला कोअर आय९-१२९००के हा प्रोसेसर पुढे आपण वारंवार वापरणार आहोत. त्यात ८ वेगवान आणि ८ काटकसरी कोअर आहेत, रूढ भाषेत पी-कोअर आणि ई-कोअर. पी-कोअरवर प्रत्येकी दोन धागे चालतात, ई-कोअरवर एकच. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला एकूण २४ प्रोसेसर दिसतात.

या २४ मधला वेगवान कोणता हे हायपरव्हायजर कसे ओळखतो? प्रश्न साधा वाटतो. उत्तरे तीन पातळ्यांवर मिळतात आणि ती एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. या क्षेत्राची गोडी मला तिथेच वाटते.

पहिली पातळी ओळखपत्राची. इंटेलच्या प्रोसेसरवर सीपीयूआयडी नावाची सूचना चालवून हेक्साडेसिमल १ए क्रमांकाची माहिती मागितली, की ज्या कोअरवर ती सूचना चालली त्याचा प्रकार कळतो: हेक्साडेसिमल ४० आले तर कोअर घराण्यातला, २० आले तर ॲटम घराण्यातला. आर्मवर एमआयडीआर हे रजिस्टर तेच काम करते. त्यातला भाग-क्रमांक डी०३ असेल तर कॉर्टेक्स-ए५३, डी०८ असेल तर कॉर्टेक्स-ए७२. लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी उत्तर 'मी ज्यावर आत्ता चालतो आहे' त्या कोअरपुरतेच मिळते. सगळ्या चिपचा नकाशा हवा असेल तर हायपरव्हायजरला प्रत्येक कोअरवर जाऊन विचारावे लागते. आणि हाती येते ते नाव. नावावरून वेग काढायचा, तर कोणते घराणे किती पळते हे आधीच ठाऊक असावे लागते. एएमडीने झेन ४ आणि झेन ४सी कोअर एकाच चिपमध्ये बसवले तेव्हा तर दोघांची सूचनांची क्षमता आणि अंतर्गत रचना जवळजवळ एकच होती. फरक मुख्यतः आकाराचा आणि कमाल वारंवारतेचा होता. तिथे घराण्याचे नाव फारसे काही सांगत नाही.

दुसरी पातळी क्षमतेच्या आकड्याची. आर्मच्या यंत्रांत चिप जुळवणारा अभियंता प्रत्येक कोअरची सापेक्ष ताकद डिव्हाइस ट्री या वर्णनपत्रात लिहून ठेवतो. लिनक्स ती कमाल वारंवारतेशी गुणून अशी बसवतो की सर्वांत ताकदवान कोअरला १०२४ मिळावेत आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी. पीसीच्या जगात फर्मवेअर अशाच प्रकारचे आकडे सीपीपीसी या व्यवस्थेतून देते: सर्वोच्च कामगिरी किती, नेहमीची किती. हे आकडे नावापेक्षा उपयोगी आहेत. १२९००के च्या पी-कोअरमध्येही सगळे सारखे नाहीत हे त्यांच्यामुळेच कळते. त्यातले निवडक ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, बाकीचे त्याच्या किंचित खाली थांबतात, तर ई-कोअरची मर्यादा ३.९ आहे. म्हणजे वेगवान आणि मंद असे दोन सरळ कप्पे नाहीतच, एक उतरंड आहे.

तिसरी पातळी सर्वांत नवी, आणि माझ्या मते वैचारिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची. ओळखपत्र आणि क्षमतेचा आकडा हे दोन्ही सहसा यंत्र सुरू होताना एकदा वाचले जातात. पण तापलेल्या लॅपटॉपमधला पी-कोअर आणि थंड लॅपटॉपमधला पी-कोअर हे एकच नव्हेत. म्हणून इंटेलने मेमरीत एक तक्ता ठेवण्याची सोय केली. प्रत्येक प्रोसेसरला त्यात एक ओळ असते आणि त्या ओळीत कामगिरी आणि वीज-काटकसर यांचे ० ते २५५ मधले गुण असतात. उष्णता किंवा विजेची मर्यादा बदलली की हार्डवेअर स्वतः हे गुण बदलते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला इंटरप्ट पाठवून कळवते. थ्रेड डायरेक्टर या नावाने ओळखली जाणारी यंत्रणा त्याच्याही पुढे जाते. चालू धागा कोणत्या प्रकारच्या सूचना वापरतो आहे हे पाहून ती त्याला एका वर्गात टाकते आणि प्रत्येक वर्गासाठी वेगळे गुण देते. अल्डर लेकमध्ये असे चार वर्ग आहेत. नेहमीच्या कामाचा एक. रुंद सदिश गणिताचा दुसरा, जिथे पी-कोअर खूपच पुढे जातो. न्यूरल नेटवर्कच्या खास सूचनांचा तिसरा, तिथे ही तफावत आणखी वाढते. आणि चौथा वर्ग अशा धाग्यांचा, जे कुलूप उघडण्याची वाट पाहत नुसते फिरत आहेत. वेगवान कोअर दिल्याने त्यांचे काहीच भले होत नाही.

या चौथ्या वर्गाजवळ थोडे थांबावे. वेग ही कोअरची अंगभूत गोष्ट नाही, हे तो दाखवून देतो. वेग ठरतो तो कोअर, काम आणि क्षण या तिघांच्या मेळातून. गेंट विद्यापीठातील केंझो व्हान क्रेनेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हेच वेगळ्या वाटेने दाखवले होते. मेमरीसाठी वारंवार थांबणारे काम छोट्या कोअरवर टाका, हा तोवरचा सोपा नियम पुरेसा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मोठा कोअर एकाच वेळी अनेक मेमरी-मागण्या हवेत ठेवू शकतो, त्यामुळे मेमरीवर अवलंबून असलेल्या काही कामांनाही त्याचा चांगलाच फायदा होतो.

आता हायपरव्हायजरची अडचण पाहा. कोअर त्याच्या ताब्यात आहे, हार्डवेअरने पाठवलेला क्षणाचा हालहवालही त्याच्याकडेच येतो. काम मात्र त्याला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने आभासी प्रोसेसर म्हणजे एकच सलग धागा. त्या धाग्याच्या पोटात आभासी यंत्रातल्या, म्हणजे गेस्ट, ऑपरेटिंग सिस्टिमचे डझनावारी धागे आळीपाळीने चालतात. एक व्हिडिओ उलगडतो, दुसरा रात्रीचा बॅकअप घेतो, तिसरा कुलपापाशी फिरतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांची सरमिसळ तेवढी दिसते. पीटर चेन आणि ब्रायन नोबल यांनी २००१ मध्येच हायपरव्हायजर आणि गेस्ट यांच्यातल्या या अर्थाच्या दरीकडे लक्ष वेधले होते. तेव्हा संदर्भ सुरक्षेचा आणि इतर सेवांचा होता. असमान कोअर आल्यावर तीच दरी शेड्युलरच्या दारात येऊन ठेपली.

दरीच्या दुसऱ्या काठावर गेस्ट आहे. काम त्याला ठाऊक आहे, कोअर ठाऊक नाही. त्याला चार आभासी प्रोसेसर दिले तर ते चारही सारखे आहेत असे समजून तो कामाची वाटणी करतो. चार धाग्यांचा समांतर हिशेब टप्प्याटप्प्याने चालला असेल आणि त्यातला एक आभासी प्रोसेसर ई-कोअरवर पडला असेल, तर तरण्या बैलाबरोबर थकलेला बैल जुंपल्यासारखे होते: तीन पी-कोअर टप्प्याच्या शेवटी खोळंबून राहतात. त्याहून वाईट प्रसंग कुलपाचा. कुलूप हातात असलेला धागा मंद कोअरवर असेल, तर बाकीचे आभासी प्रोसेसर वेगवान कोअरवर बसून नुसते फिरत राहतात, आणि बाहेरच्या शेड्युलरला ते सगळे सारखेच कामात दिसतात.

मग गेस्टला खरे का सांगू नये? तांत्रिकदृष्ट्या हे सांगणे सोपे आहे. इंटेलच्या आभासीकरण व्यवस्थेत गेस्टने सीपीयूआयडी चालवले की नियंत्रण दरवेळी हायपरव्हायजरकडे येते. तो द्यायचे ते उत्तर देऊ शकतो. अवघड आहे ते उत्तर खरे ठेवणे. 'तू पी-कोअर आहेस' असे आभासी प्रोसेसरला सांगितले आणि पुढच्याच क्षणी त्याला ई-कोअरवर हलवले, तर गेस्ट खोट्या नकाशावर बेत आखणार. ज्या प्रोग्रामने उत्तर एकदा वाचून जपून ठेवले, त्याला तर बदल कधीच कळणार नाही. म्हणून व्यवहारात दोनच टोके दिसतात. एक तर असमानता पूर्ण झाकायची, किंवा आभासी प्रोसेसर एकेका जातीच्या कोअरला बांधून टाकायचे आणि मग खुशाल खरे सांगायचे. इंटेलच्या अभियंत्यांनी २०२४ साली लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरव्हायजरसाठी मधली वाट सुचवणारे पॅच चर्चेसाठी मांडले. त्यांत थ्रेड डायरेक्टरचा तक्ताच आभासी रूपात गेस्टपर्यंत पोचवायची कल्पना आहे. तिच्यावरचे प्रकरण मी मुद्दाम मोठे ठेवले आहे, कारण खुले प्रश्न तिथे सर्वांत जास्त आहेत.

इथवर आपण वेगाबद्दल बोललो. पण नव्या वाचकाने एक गोष्ट आरंभीच पक्की धरावी: कोअर फक्त वेगातच वेगळे असतात असे नाही, आणि वेगाखेरीजचा फरक नजरेतून सुटला तर उत्तर उशिरा येत नाही, चुकीचे येते. सॅमसंगच्या एक्सिनॉस ८८९० या चिपवर मोनो या रनटाइमच्या कर्त्यांना २०१६ मध्ये चमत्कारिक अपघात दिसू लागले. प्रोग्राम अधूनमधून कोसळत होते आणि कारण सापडत नव्हते. अखेरीस उलगडले ते असे: मोठ्या कोअरची कॅशची ओळ १२८ बाइटची, छोट्याची ६४ ची. रनटाइमने ओळीची लांबी एकदा विचारून जपून ठेवली. विचारण्याच्या वेळी तो मोठ्या कोअरवर होता. नंतर छोट्या कोअरवर कॅश साफ करताना तो १२८ बाइटच्या उड्या मारत गेला, आणि प्रत्येक दुसरी ओळ जुन्या सूचनांसकट तशीच राहिली. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी वगळलेल्या वेळेशी याचा काही संबंध नाही. इथे मूळ वचनच मोडले.

हायपरव्हायजर लिहिणारे या बाबतीत इतके सावध का असतात, ते यावरून समजते. आर्मवर झेन (Xen) हायपरव्हायजर सुरू होताना पहिल्या कोअरपेक्षा वेगळ्या जातीचे कोअर डीफॉल्टने वापरतच नाही. ते हवेच असतील तर 'एचएमपी-अनसेफ' असा स्पष्ट पर्याय द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचे आभासी प्रोसेसर एकाच जातीच्या कोअरवर राहतील, याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय अल्डर लेकवर चालू करू पाहणाऱ्यांचे स्वागत जांभळ्या पडद्याने झाले. सगळ्या कोअरची वैशिष्ट्ये जुळत नाहीत हे पाहून तो पुढे जायला नकार देत होता. बूट करताना एक पर्याय देऊन ही तपासणी बंद करता येते, पण ती तपासणी योग्य होती असेच मी म्हणेन. इंटेलनेही हाच मार्ग धरला. अल्डर लेकच्या पी-कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ चे परिपथ असूनही ई-कोअरला ते येत नाही, म्हणून ते बंद ठेवले गेले. सूचनासंच एकसारखा राहावा यासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती मोजली म्हणूनच धागे दोन्ही जातींत मोकळेपणाने फिरू शकतात.

प्रत्यक्ष हायपरव्हायजर आज काय करतात याचा तपशील पुढच्या प्रकरणांत येईलच, इथे फक्त दिशा सांगतो. केव्हीएममध्ये आभासी प्रोसेसर हा लिनक्सचा एक धागाच असतो, त्यामुळे लिनक्सचा शेड्युलर जे शिकेल ते केव्हीएमला आयते मिळते. हायपर-व्हीचे दोन चेहरे आहेत. सर्व्हरवर हायपरव्हायजरचा स्वतःचा शेड्युलर असतो. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून घरगुती विंडोजवर मात्र ते काम मूळ विभागातल्या, म्हणजे यजमान, विंडोजकडे सोपवलेले आहे. असमान कोअरच्या दृष्टीने ही सोपवणी फार दूरदर्शी ठरली, कारण कोअरविषयीचे सगळे ज्ञान विंडोजकडेच साठत होते. झेन हायपरव्हायजरचे तसे नाही. त्याचा क्रेडिट२ शेड्युलर स्वतंत्र आहे आणि त्याची न्यायबुद्धी वेळेच्या वाटणीवर उभी आहे. ई-कोअरवरचा एक मिलिसेकंद आणि पी-कोअरवरचा एक मिलिसेकंद त्याच्या वहीत सारखाच लिहिला जातो. तिथे उपाय म्हणजे सीपीयू-पूल करणे: पी-कोअरचा एक, ई-कोअरचा दुसरा, आणि कोणते मशीन कोठे राहील हे माणसाने ठरवायचे. ॲपलच्या मॅकवर तर बांधण्याची सोयच नाही. धाग्याला कामाचा दर्जा सांगता येतो, बाकीचे मॅकओएस ठरवते.

मोठी डेटा सेंटर या प्रश्नापासून अजून दूर आहेत. २०२४ मध्ये इंटेलने झिऑन ६ आणले ते सगळे ई-कोअर असलेल्या आणि सगळे पी-कोअर असलेल्या अशा वेगवेगळ्या चिपच्या रूपात. एका चिपमध्ये मिसळ नाही. प्रश्न खरा तापला आहे तो कडेच्या जगात. मोटारींमध्ये वेगदर्शकाचा पडदा आणि गाण्यांचा पडदा एकाच चिपवर दोन वेगळ्या व्हर्च्युअल मशीनांत चालवतात. एनएक्सपीच्या आय.एमएक्स ८ क्वाडमॅक्समध्ये त्यासाठी दोन कॉर्टेक्स-ए७२ आणि चार कॉर्टेक्स-ए५३ आहेत. वेगदर्शकाच्या मशीनला नेमका कोणता कोअर मिळाला हा तिथे सोयीचा प्रश्न उरत नाही. अँड्रॉइड १३ पासून फोनमध्येही संरक्षित व्हर्च्युअल मशीन चालवायची व्यवस्था आली, आणि फोनच्या चिपमध्ये दोनच नव्हे, तीन-तीन जातींचे कोअर असतात. गूगलच्या पहिल्या टेन्सरमध्ये दोन कॉर्टेक्स-एक्स१, दोन ए७६ आणि चार ए५५ होते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा एक पाठ्यक्रम पुरा केलेल्या कोणालाही या क्षेत्रात मोकळा प्रवेश आहे. धागा, इंटरप्ट, कॅश आणि शेड्युलर या चार कल्पना नीट समजल्या असतील तर बाकीचे पुस्तक शिकवेल. महागडा सर्व्हर लागत नाही. उलट सर्व्हरवर हा विषय दिसतच नाही. अल्डर लेक किंवा तिच्या नंतरच्या पिढीतली दोन जातींच्या कोअरची चिप असलेला साधा लॅपटॉप, त्यावर लिनक्स आणि केव्हीएम एवढे पुरे. गणितापेक्षा मोजण्याची शिस्त जास्त लागेल: लॅपटॉप चार्जरला लावलेला आहे का, आधीच्या प्रयोगाने तो तापलेला आहे का, पार्श्वभूमीत काय चालले आहे, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहून ठेवायची सवय. आणि मोजणीच्या साधनांवरही आंधळा विश्वास नको. घटना मोजणारे हार्डवेअरचे गणक पी-कोअर आणि ई-कोअरवर वेगवेगळे असतात. म्हणूनच केव्हीएमने असमान इंटेल चिपवर गेस्टला आभासी गणक देणे बंद केले. गेस्टच्या आत बसून गणक वाचायचा बेत असेल तर तो तिथेच अडतो, मोजणी यजमानाच्या बाजूनेच करावी लागते.

पहिले प्रकरण वाचण्याआधी पुढचा प्रयोग करून पाहावा. दोन आभासी प्रोसेसरचे मशीन घ्या आणि मोठी फाइल दोन धाग्यांनी आकुंचित करायचे काम त्याला द्या. लिबव्हर्ट या साधनाच्या साहाय्याने दोन्ही आभासी प्रोसेसर आधी दोन वेगळ्या पी-कोअरवर बांधा, मग दोन ई-कोअरवर, मग एकाच पी-कोअरच्या दोन धाग्यांवर. शेवटी बंधन काढून टाका आणि तेच काम पुन्हा पुन्हा चालवा. तिसऱ्या मांडणीचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून पाहा. पी-कोअर अर्धा वाटून घेणे बरे की ई-कोअर अख्खा मिळणे, याचे उत्तर कामागणिक बदलते, आणि म्हणूनच शेड्युलर सहसा आधी मोकळे पी-कोअर भरतात, मग ई-कोअर, आणि पी-कोअरचे दुसरे धागे सर्वांत शेवटी. बंधन काढल्यावर येणारे आकडे सरासरीत गुंडाळू नका, ते एकेक करून कागदावर मांडा. ते दोन-तीन ठिकाणी गठ्ठ्याने जमतात की सलग पसरतात, यावर दुसऱ्या प्रकरणाची सगळी चर्चा उभी आहे. त्यानंतर आकुंचनाऐवजी मेमरीला भिडणारे काम घ्या आणि चार आभासी प्रोसेसर एकाच ई-समूहात बसवा. अल्डर लेकमध्ये चार ई-कोअर एकच एल२ कॅश वाटून घेतात. तेव्हा जो वेग मोजाल, तो ई-कोअरचा नसून शेजाराचा असेल, आणि कोणत्याही ओळखपत्रात तो लिहिलेला सापडणार नाही.